कार्मेनमाउलीचा ढग

बसा, पुढंच बसा. मागं केळीचे घड भरलेत, पाय ठेवायला जागा नाही. उतार मोठा आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. हसू येईल अशी आहे. पण हसायचं तर खिडकीकडं तोंड करून हसा. माझ्याकडं बघून हसलात तर मला गाडी चालवता यायची नाही.

आमच्या या डोंगरात पूर्वी जिकडंतिकडं पांढऱ्या गाई होत्या. अंग दुधासारखं आणि कान काळेभोर. उभ्या चढावर शेळीसारख्या चढायच्या. गोमाशीची अळी बाकीच्या गुरांना पोखरून खायची, यांच्या कातडीत तिला थारा नाही. मग खालून मोठ्या कासेच्या गाई आल्या आणि लोकांनी पांढऱ्या खाटकाला दिल्या. उरल्या त्या एदिल्माबाईच्या गोठ्यात, मानानं दोन्या एदिल्मा म्हणतात तिला. विधवा बाई, जीभ मिरचीसारखी. तिचा वळू पालोमो म्हातारा झाला, तेव्हा शहराजवळच्या गुरांच्या सरकारी केंद्रातली माणसं आली. त्याचं वीर्य काढून काडीएवढ्या नळ्यांत भरलं. कांड्या म्हणतो आम्ही त्यांना. काही कांड्या त्यांनी जपून ठेवायला केंद्रातल्या आपल्या पेढीत नेल्या, काही गावात ठेवल्या, एबेलियोच्या टाकीत. पुढं पालोमो मेला. म्हणजे जो काही पालोमो उरला, तो त्या कांड्यांत.

एबेलियो आमच्याकडं असल्या कांड्यांनी गाई भरवतो. माझ्या पोरीचा धर्मबाप आहे तो. त्याच्या टाकीत नायट्रोजन असतो, इतका गार की घातलेलं बोट काचेसारखं तुटेल. त्यात बुडलेली कांडी वर्षानुवर्षं जिवंत. तो आटला की कांडी मेली. एवढं तर मलाही कळतं, आणि मी शाळेत फक्त खाऊपुरता गेलोय.

"निम्म्या गावच्या वासरांचा बाप आहेस तू," आम्ही त्याला चिडवायचो.

"हो, आणि एकीनंही पोटगी मागितली नाही," तो म्हणायचा.

जुलैत आम्हा गाडीवाल्यांना सांभाळणाऱ्या कार्मेनमाउलीचा सण असतो. माउली ढगावर उभी असते ना, म्हणून दरवर्षी मिरवणुकीला माझ्या जीपवर तिच्या मूर्तीखाली कापसाचा ढग करायचा. यंदा कापूस उंदरांनी नासला. आम्ही डोकं धरून बसलो, तर एबेलियो म्हणाला, "आर्हेमिरो, खरा ढग पाहिजे का तुला?"

माउलीच्या पायाशी गरम पाण्याचं घमेलं ठेवलं आणि त्यानं टाकीतला नायट्रोजन त्यात ओतला. अहो काय सांगू! पांढराशुभ्र ढग उसळला, माउलीच्या झग्यावरून खाली वाहिला, चाकांत लोळला. जीप दिसेना, नुसती माउली तरंगतेय. बायकांनी चिखलात गुडघे टेकले. दोन्या एदिल्मानं सुद्धा टेकले. डोळे पुसत म्हणाली, "एबेलियो, जन्मात पहिल्यांदा देवाचं काहीतरी केलंस रे."

ढग विरला तशी माणसं ओरडली, "आणखी!" सगळ्यांत मोठा आवाज माझा, मी तर हॉर्नही वाजवला. एबेलियोनं टाकीत वाकून बघितलं. "तळाला आहे तेवढा पुरेल. सोमवारी टाकी भरायची गाडी येतेच," म्हणाला आणि ओतला. देवळाच्या दारात पुन्हा ओतला. मग कुणी बघितलंच नाही वाकून.

रविवारी दरड कोसळली. सोमवारची गाडी पार पुढच्या आठवड्यात पोचली. तोवर टाकी ठणठणीत कोरडी.

एबेलियोनं मला एकट्यालाच सांगितलं. "नव्या नायट्रोजनात बुडवल्यात परत. जगल्या असतील एक-दोन."

"असतील की," मी म्हटलं. दोघांनाही माहीत होतं.

मग दोन्या एदिल्माची गार्सा माजावर आली. तिच्याकडच्या पांढऱ्यांत वासरू देण्याजोगी तेवढी एकच राहिलीय. एबेलियो गेला, त्याच कांड्यांतली घालून गाय भरवली. तीन आठवड्यांनी गार्सा परत माजावर. परत भरवली. परत तेच. पूर्वी हा गडी तिच्या चुलीपाशी बसून मक्याची आरेपा-भाकरी खाल्ल्याशिवाय उठायचा नाही. आता बाहेरच्या नळावर हात धुवायचा आणि वाटेला लागायचा. म्हातारी म्हणे, "मोठा झाला आता तो, आमची कॉफी कशाला रुचेल?"

परवा तिनं मला निरोप धाडला. मेव्हण्याचा ट्रक घेऊन ये, गार्सा वांझ निघाली, खाटकाकडं न्यायचीय.

मी ट्रक एबेलियोच्या दारात उभा केला. म्हटलं, "चढ."

"मी कशाला?"

"मग तूच ने ट्रक. मी घरी बसतो."

चढला.

म्हातारी दोर धरून अंगणातच उभी होती. गार्साच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "बघा, अंगानं कशी भरलीय, आणि पोटात वारा. तुझ्या आईनं मरेपर्यंत वासरं दिली गं. लाज वाटत नाही निर्लज्जे?"

एबेलियोनं टोपी काढली. "दोन्या, निर्लज्ज ती नाही," म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं. ढग, दरड, मेलेल्या कांड्या. टोपी हातात नुसती गरागरा फिरत होती.

म्हातारीनं दोर मुठीला गुंडाळला. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी गुडघे टेकले, तेव्हा माझा पालोमो चालला होता."

"हो."

"आणि मी हिला वांझ म्हणत राहिले. काल लाथही घातली." तिनं दोर सोडला. गाय तिथंच चरायला लागली. मग बाई माझ्याकडं वळली. "तुला ठाऊक होतं, आर्हेमिरो?"

"होतं."

"तरी ट्रक आणलास."

तिनं आत जाऊन दोन कप कॉफी आणली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. आम्ही अंगणात उभ्यानं प्यालो, शेंबूड न पुसलेल्या दोन पोरांसारखे. कप परत घेताना एवढंच म्हणाली, "केंद्राच्या पेढीत पालोमो अजून आहे. पण मी हात पसरणार नाही. ज्यांनी उधळला त्यांनी मागावा."

बरोबरच आहे तिचं. काल एबेलियो बसपर्यंत गेला आणि माघारी आला. मी आज सकाळी पोती टाकायला शहरात गेलो होतो, केंद्राच्या फाटकापुढं इंजिन चालू ठेवून थांबलो. पहारेकऱ्यानं विचारलं, "काय काम?" मी म्हटलं, रस्ता चुकलो. या वयात!

तुम्ही उद्या शहरात असणार. कपडे बरे आहेत तुमचे, बोलणंही धड आहे, तुम्हाला आत घेतील. गार्सा अजून जोमात आहे, पण माज कुणासाठी थांबत नाही. एवढं काम करा. पालोमोच्या एक-दोन कांड्या द्या म्हणावं, दोन्या एदिल्माच्या गाईसाठी. आधीच्या कशानं गेल्या, ते विचारतीलच. तेव्हा आमची लाज राखायला म्हणून दरडीवर ढकलू नका. ढगाचंच सांगा.