नळवाल्याच्या दुकानातला संगणक

माझ्या अंगात सात नळ्या आहेत. त्यांतल्या तिसऱ्या नळीचे वळण नव्वद अंशांचे नाही, एक्क्याण्णव अंशांचे आहे. नुसत्या डोळ्याला हा फरक दिसत नाही. पण जिने मला बनवले तिने ते कोनमापक लावून तीनदा मोजले, आणि तीनदा एक्क्याण्णवच आले. तिने वहीत तसे लिहिले आणि नळी जागेवर बसवून पाहिली. बसली. म्हणून मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो : मी एका अंशाने वाकडा आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मी एक जुना संगणक आहे. नुसत्या पंख्यांवर गार राहणारा नव्हे, पाण्यावर गार राहणारा. माझ्या मेंदूवर तांब्याचा एक ठोकळा बसवलेला आहे आणि त्याच्या पोटात केसासारख्या बारीक खाचा आहेत. पंप पाणी ढकलतो. पाणी त्या खाचांतून उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये जाऊन निवते आणि टाकीत परत येते. विजेच्या यंत्रात पाणी, असे ऐकले की लोक दोन पावले मागे सरतात. सरू देत.

माझा जन्म नळाच्या दुकानात झाला. भिंतीवर तोट्या टांगलेल्या, डब्यांत वायसर, कोपऱ्यात पाइप धरायचा लोखंडी शिकंजा. दुकानाच्या मालकांना सगळे नळवाले काका म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या घरांतले पाइप वाकवले, जोडले आणि भिंतीत गाडले. मग त्यांचे हात थरथरू लागले आणि कामे बंद झाली. त्यांना दोन मुले. मोठा मुलगा एका कार्यालयात साहेब होता. धाकटी मुलगी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती चहातली साखरही सपाट चमच्याने मोजून घालायची, म्हणून भावाने तिचे नाव मोजपट्टी ठेवले होते.

रविवारी प्रयोगशाळेला सुट्टी. दर रविवारी सकाळी ती दुकानात येऊन मला घडवायची. ऍक्रिलिकच्या सरळ, पारदर्शक नळ्या ती बारीक दातांच्या करवतीने कापायची. बाबा स्टुलावर बसून बघत. बघत म्हणजे बोलत.

"कड घास."

"घासतेच आहे, बाबा."

"आतून घास, बाहेरून घास. नाहीतर जोडातली रबरी कडी फाटेल."

"मला माहीत आहे."

"माहीत असणाऱ्यांच्याच घरी मी गळती काढायला जायचो."

पहिल्या नळीला तिने गरम हवा फार जवळून दिली आणि तिच्या अंगात बुडबुडे आले. दुसरी वळणावर चिमटली. तिसरीच्या पोटात तिने सिलिकॉनची जाड दोरी सारली.

"हे काय भरलंस आत?"

"चिमटू नये म्हणून."

"आम्ही वाळू भरायचो. तांब्याचा पाइप वाकवायचा म्हणजे आधी ठासून वाळू."

"तेच आहे हे, बाबा. फक्त दोरीच्या रूपात."

"मग वाळूच भर की. फुकट मिळते."

"ओरखडे पडतील. आतलं पाणी दिसायला हवं."

बाबांनी कपाळाला हात लावला. "पाणी दिसलं की गिऱ्हाईक घाबरतं. जन्मभर मी ते भिंतीत लपवलं आणि तू काचेत मांडतेस!"

पण ती नळी तापवू लागली तेव्हा तेच उठून तिच्या मागे उभे राहिले. "एका जागी धरू नकोस. फिरवत राहा. मऊ झाली की ती आपण होऊन वाकेल, तू नुसती तिच्याबरोबर जा." ती नळीबरोबर गेली, जरा जास्तच गेली, आणि तो एक्क्याण्णवावा अंश आला.

जोड बसवताना मात्र दोघांची जुंपली. बाबांनी सवयीने पांढऱ्या टेपची गुंडाळी काढली.

"आट्यांवर टेप गुंडाळ."

"नको. इथे पाणी रबरी कडीच अडवते. टेपचे तुकडे सुटले तर खाचांत जाऊन बसतील."

"टेपशिवाय जोड? चाळीस वर्षांत ऐकलं नाही."

"आता ऐकलंत ना?"

शेवटी तिने प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद पसरला आणि चोवीस तास माझा फक्त पंप चालू ठेवला. कुठे थेंब पडला तर कागदावर डाग दिसणार होता. दुसऱ्या दिवशी सगळे कागद कोरडे होते. ती कामावर गेल्यावर बाबांनी शेजारच्या चष्मेवाल्याला हाताला धरून आणले आणि प्रत्येक कागद उचलून दाखवला.

पुढची तीन वर्षे माझी होती. मी दुकानाच्या काचेमागे उभा असायचो. तोटी घ्यायला आलेली माणसे तोटी विसरून माझ्यासमोर थांबायची. गोष्टी ध्वनिमुद्रित करणाऱ्या एक बाई एकदा आल्या आणि कान माझ्या अंगाला लावून म्हणाल्या, "अहो, हा चालू करा की."

"चालूच आहे," ती म्हणाली.

त्या बाईंनी तिथेच तसाच एक बिनआवाजाचा संगणक बांधायला सांगितला. पाठोपाठ आणखी आठ जणांनी. नऊ संगणक तिने रविवारी-रविवारी बांधले.

त्याच काळात घरात एक प्रश्न लोंबकळत होता : दुकानाचे काय करायचे? भाऊ म्हणायचा, भाड्याने देऊन टाका. बाबा म्हणायचे, बघू. आणि तिला, मित्रांनो, ते दुकान स्वतःला हवे होते. नोकरी सोडून, बापाच्याच शिकंज्यापाशी उभे राहून, तिला रोज माझ्यासारखे संगणक बांधायचे होते. हे तिने कोणालाही सांगितले नव्हते. मला माहीत होते, कारण तिची एक फाइल माझ्याजवळ होती. टेबल कुठे असावे, उजेड कुठून यावा, पाटीवर काय लिहावे. दर रविवारी ती ती फाइल उघडायची, एखादी ओळ बदलायची आणि बंद करायची.

मग एका दुपारी ती तयार संगणक पोहोचवायला बाहेर गेली होती. बाबा हात धुऊन आले आणि माझ्यापाशी वाकले. पंपाजवळच्या जोडाखाली त्यांना एक थेंब दिसला. तो थेंब माझा नव्हता. त्यांनीच हात झटकताना उडवलेला होता. मी तेव्हाही गळत नव्हतो आणि आजही गळत नाही. पण मला तोंड नव्हते आणि त्यांना चाळीस वर्षांची सवय होती. त्यांनी माझे पाणी टबात काढले, जोड उघडला, थरथरत्या हातांनी टेप गुंडाळली, जोड पान्याने आवळला, तेच पाणी पुन्हा भरले आणि समाधानाने स्टुलावर जाऊन बसले.

टेपचे तंतू सुटू लागले. माझ्या खाचा एकेक करून बुजू लागल्या. रोज अर्धा, कधी एक अंश ताप वाढत होता. उन्हाळा लागलेला, म्हणून तिला त्यात वावगे वाटले नाही.

घरांचे आराखडे काढणाऱ्या एक बाई आल्या. त्यांना कचेरीसाठी पाच संगणक हवे होते. तिने त्यांचा सर्वांत अवघड आराखडा माझ्यावर चढवला. एकोणिसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. लोक सांगतात, मी बंद पडलो. खोटे आहे. मेंदू जळू नये म्हणून मी स्वतःला बंद केले. तेवढे शहाणपण तिनेच मला दिले होते.

"विचार करून कळवते," त्या बाई म्हणाल्या. त्यांनी कळवले नाही.

भाऊ संध्याकाळी आला. "मोजपट्टी, नळाचं दुकान आहे हे. इथे वायसर विकायचे. मोठमोठ्या कंपन्या बसल्यात की संगणक बनवायला."

ती वही घेऊन बसली. रेडिएटर किती मोठा लागेल हे काढताना तिने खोलीचे तापमान हिवाळ्यातले धरले होते. सहा अंशांची चूक. तिने त्या आकड्याभोवती लाल गोल काढला. कारण सापडले की शोधणारा थांबतो. तीही थांबली. खरे तर रेडिएटर चांगला ऐसपैस होता. सहा अंश मी सहज पचवले असते. पण तिला पटले की चूक तिची होती आणि हे काम तिच्या आवाक्यातले नव्हते.

"जाऊ दे, पोरी," बाबा म्हणाले. "पक्की नोकरी आहे तुझी."

तिने माझे पाणी काढले आणि अंगावर जुनी चादर टाकली. त्या चादरीखाली मी दीड वर्ष होतो. ती फाइल कोणी उघडली नाही. नवे संगणक तिने कोणाला बांधून दिले नाहीत.

अशा ठिकाणी आमच्यासारख्या वस्तूंनी हात जोडायचे असतात, आम्हाला जपा म्हणून. मी जोडणार नाही. चादर टाकणाऱ्यांनी मला जपलेच होते. धूळ बसू दिली नाही, धक्का लागू दिला नाही. तुम्हालाही कधी कोणी असेच जपेल, तेव्हा बघा. बंद पडलेल्या वस्तूची कीव करू नका. ती उघडा. पहिले कारण सापडले तरी पुढे शोधा.

मला उघडले गेले तेही मोडून विकण्यासाठीच. भावाने मोबाइलची कव्हरे विकणारा एक भाडेकरू गाठला होता. "तो डबा तेवढा सुटा कर," तो तिला म्हणाला, "भाग चांगले आहेत, कोणीतरी घेईल." ती रविवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. नळ्या काढल्या. तांब्याचा ठोकळा विकण्याआधी तो स्वच्छ करायला हवा, म्हणून तिने तो उघडला.

खाचांत काहीतरी पांढरे होते.

तिने भिंग आणले. चिमट्याने ते तंतू काढून काळ्या कागदावर ओळीने मांडले. अकरा. सर्वांत लांब चार मिलिमीटर. मग तिने एकेक जोड तपासला आणि पंपाजवळचा तिला सापडला.

"बाबा, ही टेप कोणी लावली?"

बाबा स्टुलावर होते. ते डब्यातले वायसर चाळत राहिले. "एक थेंब दिसला होता."

"मला सांगितलं का नाही?"

"तू सगळं पुन्हा उघडत बसली असतीस."

"आणि तो बंद पडला तेव्हा?"

"तेव्हा कळलं मला."

"मग?"

"मग वाटलं, बरं झालं." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "हे बघ. या धंद्यानं मला हे दिलं. म्हटलं, तुझी नोकरी तरी टिकेल."

"दीड वर्ष, बाबा! दीड वर्ष मी समजत होते की मला जमत नाही."

"जमतं गं," बाबा म्हणाले. "जमतं म्हणूनच भीती वाटली."

ती रडली नाही. रागावून निघूनही गेली नाही. तिने ठोकळा धुतला, सगळ्या रबरी कड्या बदलल्या, जोड हाताने आवळले आणि ताजे शुद्ध पाणी भरले. जोडांखाली पांढरे कागद पसरले. दुसऱ्या दिवशी, कामावरून आल्यावर, तिने ते उचलून पाहिले. मी कोरडा होतो. मग तिने तोच जुना अवघड आराखडा माझ्यावर चढवला आणि घड्याळ लावले. एक तास. दोन तास. एकसष्ट अंशांवर मी ठाम उभा राहिलो. वहीतला लाल गोल तिने खोडला नाही. त्याच्यासमोर लिहिले : चूक खरी, पण कारण हे नव्हे. चादर घडी करून तिने बाबांच्या मांडीवर ठेवली.

पुढच्या रविवारी भाऊ भाडेकरूला घेऊन आला. भाडेकरूने आल्या आल्या खिशातून मापाची फीत काढली, तिचे टोक भिंतीला लावले आणि ती माझ्या काचेवरून ताणली.

"हा डबा कधी हलणार?" त्याने विचारले.

"आजच," भाऊ म्हणाला. "मोजपट्टी, तू सुटा करणार होतीस ना हा?"

"नाही केला."

"मग आता कर."

"चालू आहे तो."

भावाने माझ्याकडे पाहिले. कान देऊन ऐकले. काहीच ऐकू येईना, म्हणून त्याचा विश्वास बसेना. मग तो बाबांकडे वळला. "बाबा, तुम्ही तरी सांगा हिला. किती दिवस नुसतं बघू, बघू? हे गृहस्थ थांबलेत. आज काय ते एकदा बोलून टाका."

"माझं बोलून झालं," बाबा म्हणाले. "नको तेवढं बोललो आणि हवं ते बोललो नाही. तिला विचार."

"तिला काय विचारायचं? तिचा काय संबंध दुकानाशी? नोकरी आहे तिला."

भाडेकरू अजून फीत ताणून उभा होता. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि भिंतीवरचे टोक तिने अलगद सोडवले. फीत सर्रकन त्याच्या मुठीतल्या डबीत शिरली. तो दचकला. तिचे हात मुळीच थरथरत नव्हते.

"दुकान भाड्यानं द्यायचं नाही, दादा," ती म्हणाली. "मला हवंय ते. उद्या मी राजीनामा देते आणि इथे संगणक बांधायला बसते."