सशाला शेरा नाही

भरमाप्पा मगदुमांनी एकतीस वर्षं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका फाउंड्रीत ओतीव माल तपासला. आणि एवढ्या काळात एकाही नगाला चांगलं म्हटलं नाही. माल वाईट होता अशातला भाग नव्हता. तपासणीच्या कागदावर ‘चांगलं’ लिहायला रकानाच नव्हता. रकाना होता दोषांचा. ज्या नगाचं काही होण्यासारखं असेल त्याचे दोष भरमाप्पा बारीक अक्षरात, जिव्हाळ्यानं लिहीत. इथं भोक, तिथं फुगवटा, कड घासून घ्यावी. मग तो नग दुरुस्त होऊन गाडीत चढे. ज्याच्यात जीवच नाही त्याचा रकाना ते कोरा सोडत. परत भट्टीत जाणाऱ्या लोखंडावर शाई कोण घालवणार?

निवृत्त होऊन ते उचगावात घरी बसले तरी ही रीत सुटली नाही. लेकीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी चार वेळा छापखान्याला परत पाठवली होती, हे गावाला ठाऊक होतं. म्हणूनच गावच्या वाचनालयात भांडण लागलं तेव्हा निवाड्याला त्यांचं नाव निघालं.

भांडण कॉमिक्सचं होतं. ग्रंथपाल नागसेननं यंदा जाडजूड चरित्रांऐवजी बेचाळीस कॉमिक्स आणली होती. अध्यक्ष सोमशेखरअण्णांचं हार्डवेअरचं दुकान; त्यांना पुस्तकाला वजन लागायचं. “ही चित्रं बघून कोण शानं झालंय?” असं ते म्हणाले. शेवटी ठरलं, भरमाण्णांनी सगळी वाचावीत आणि अभिप्राय लिहून द्यावा. त्यांच्या तपासणीत उतरलं ते राहील, बाकीचं विक्रेत्याला परत.

भरमाप्पांनी पहिलं कॉमिक नाकाला फडकं लावून उचलावं तसं उचललं. तिसऱ्या दिवशी बायको रत्नव्वा जेवायला हाका मारत होती आणि यांचं लक्ष नव्हतं. त्यांना ‘लोहकंठ’ भेटला होता. लोखंडी गळ्याचा माणूस, हाक मारली की पूल हलायचा. पाच भाग त्यांनी चार दिवसांत संपवले. पाचव्याच्या शेवटच्या चौकटीत लोहकंठ तोल जाऊन भट्टीत पडला आणि खाली लिहिलं होतं, सहावा भाग लवकरच. नागसेननं त्याची मागणी आधीच नोंदवली होती. भरमाप्पांनी ती नोंद जातीनं जाऊन पाहिली.

मग त्यांनी अभिप्राय लिहिला. अकरा पानं झाली.

‘लोहकंठ, भाग एक. गळा ओतल्यावर तिसऱ्याच चौकटीत इसम बोलतो. एवढ्या जाडीचं लोखंड थंड व्हायला सहा तास लागतात. घाई केल्यास तडा जाईल व आवाज फाटेल.’

‘भाग तीन. खलनायकाच्या डाव्या हाताला सहा बोटं, पुढच्या पानावर पाच. एक कुठं गेलं याचा खुलासा व्हावा.’

‘पाताळपूरचा पोस्टमन. इसम पंचवीस पानं पायऱ्या उतरतो, चप्पल झिजत नाही. पत्र कोणाचं ते कळत नाही. तीनदा वाचलं, तरी कळत नाही.’

एकेचाळीस पुस्तकांचं असं झालं. राहिला ‘सद्गुणी ससा’. हा ससा पहिल्या पानावर आपलं गाजर दुसऱ्याला देतो आणि पुढची तेवीस पानं त्याबद्दल बोलतो. चौथ्या पानावर भरमाप्पांना डुलकी लागली. त्याच्यापुढचा रकाना त्यांनी कोरा सोडला.

आठवड्यानं नागसेन घरी आला आणि उंबऱ्यातच बसला.

“आप्पा, तुमी माझी पार वाट लावलीसा.”

“का? अकरा पानं लिवली की.”

“त्याच अकरा पानांनी लावली. अण्णांनी बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली. म्हणालं, भरमाण्णांनी पार धुवून काढलंय. एकेचाळीस पुस्तकं परत जाणार.”

“आनि ससा?”

“ससा ऱ्हाणार. त्याच्यात एक चूक न्हाय म्हणं. त्याचं आनि अकरा भाग हायत, तेबी मागवायचं ठरलंय.”

भरमाप्पांनी चष्मा काढला. “कोरा म्हंजी भंगार, नागसेना.”

“ते तुमच्या फाउंड्रीत. हितं कोरा म्हंजी निर्दोष.”

“लोहकंठाचा सहावा भाग?”

“सोमवारी रद्द करायचं पत्र जाणार.”

“आरं, तो भट्टीत पडलाय.”

“मग तितंच ऱ्हाणार की,” नागसेन म्हणाला. मग त्यालाच दया आली. “एक ओळ लिवून द्या आप्पा. ही पुस्तकं चांगली आहेत. बाकी काय नगो.”

भरमाप्पा सकाळी नऊला कागद घेऊन बसले. अकरापर्यंत ‘पुस्तकं’ झालं. ‘चांगली’ या शब्दाशी हात अडायचा. दोषाला कसं जागा असते, लांबी असते, जाडी असते, चांगल्याला कुठं बोट ठेवायचं? रत्नव्वा दोनदा डोकावून गेली. मृत्युपत्र करतायत की काय असं तिला वाटलं, पण हे सगळं लोहकंठासाठी चाललंय असं कळल्यावर ती हसत परत चुलीकडे गेली. दुपारी एकला ओळ पूर्ण झाली: ‘पुस्तकं चांगली आहेत. भ. मगदूम.’

रविवारच्या बैठकीत सोमशेखरअण्णांनी तो कागद वाचला, उलटा करून पाहिला, शेजाऱ्याकडं दिला. तो टेबलाभोवती फिरून परत आला.

“अक्षर त्यांचंच हाय,” शेवटी अण्णा म्हणाले. “माणूस तोच वाटत न्हाय.”

“वय झालंय,” कोणीतरी म्हणालं.

“गेल्या म्हैन्यात माझ्या दुकानाच्या पाटीत तीन चुका काढल्या त्यांनी. धडधाकट होते. इतक्यात असं?” अण्णांचा आवाज खरंच खाली आला.

ठराव झाला की श्री. मगदूम यांची प्रकृती ठीक नसल्यामुळे त्यांचा कोणता अभिप्राय शुद्धीतला मानावा हे ते बरे झाल्यावर ठरवावं. तोवर काही परत करू नये, काही रद्द करू नये, नवीन काही मागवू नये. नागसेननं हा ठराव इतिवृत्तात मान खाली घालून लिहिला. मान वर केली असती तर तोंड दिसलं असतं.

“म्हंजी आता,” तो भरमाप्पांना सांगायला आला, “सहावा भाग येईस्तवर तुमी आजारी.”

“किती दिस?”

“दीड म्हैना धरा.”

भरमाप्पा आजारी पडले. चावडीवर जाणं बंद, पाटीकडं बघणं बंद. सहाव्या आठवड्यात नागसेन ‘लोहकंठ, भाग सहा’ पिशवीत घालून देऊन गेला. ते अंगावर घोंगडं घेऊन चौदाव्या पानावर पोचले होते, तोच सोमशेखरअण्णा संत्री घेऊन समाचाराला आले. पुस्तक घोंगड्याखाली गेलं.

“कसं हाय, भरमाण्णा?”

अण्णांच्या शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात होतं आणि सगळा शर्ट एका बाजूला चढला होता. भरमाप्पांनी तिकडं पाहिलं. जीभ टाळूला लागली. बोलले असते तर त्याच क्षणी बरे झाले असते, सोमवारी बैठक लागली असती आणि सातव्या भागाचं काही खरं नव्हतं.

“शर्ट चांगला हाय, अण्णा,” ते म्हणाले.

अण्णांनी पिशवीतून हळूच एक पुस्तक काढलं. “तुमास्नी एवढाच पसंत पडलाय म्हणून दुसरा भाग सोताच्या पैशानं आणला. ‘सद्गुणी ससा आणि मुळा’.”

भरमाप्पांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. डोळ्यांत पाणी आलं. “चांगला हाय ससा,” ते म्हणाले, आणि अण्णांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

रत्नव्वा चहा घेऊन आली. तिला सगळं नाटक ठाऊक होतं. ती पदराआड हसतच आत आली होती. भरमाप्पांनी घोट घेतला. ओघात होते.

“चहा चांगला झालाय,” ते म्हणाले.

रत्नव्वाचं हसू पुसलं गेलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. तिनं अण्णांसमोरच नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. “अवो, खरंच काय हुतंय का तुमास्नी?”

ते पाहून अण्णा उठले. “पुढच्या वर्सापर्यंत बैठकीचा इशय काढत न्हाय, वैनी. जपा त्यांना,” एवढं म्हणून चपला घालून गेले.

अण्णा कोपऱ्यावरून वळेपर्यंत भरमाप्पा थांबले आणि मग त्यांनी घोंगड्याखालून चौदावं पान काढलं. रत्नव्वा हलली नाही.

“ते ऱ्हावू द्या. चहाला काय झालतं ते आधी सांगा.”

“काय न्हाय. अण्णांसाठनं म्हणालो.”

“सांगा म्हणते न्हवं.”

भरमाप्पांनी पुस्तक मिटलं, पानात बोट ठेवून. “आलं ठेचायचं सोडून चिरलंयस. दूध जरा खाली लागलंय. साखर बशीत सांडल्या.”

“आनि?”

“कप ओला व्हता.”

रत्नव्वा खाटेच्या कडेला टेकली. “आनि?” ती म्हणाली.