कावळ्याला दिलेला शब्द

आपली बायको मालिनी गेल्याचं आत्मारामला कळलं, तोवर ती जाऊन एकवीस दिवस झाले होते. तार जुन्या खोलीवर गेली आणि तिथेच पडून राहिली. खोली बदलल्याचं सांगलीला कळवायचं तो आज-उद्यावर ढकलत आला होता. शेवटी मेहुण्याचं, श्यामकांतचं, पत्र डार्मश्टाटच्या प्रयोगशाळेत आलं. १९६१ च्या ऑक्टोबरमधला शेवटचा शुक्रवार होता.

पत्रात सगळं सरळ लिहिलं होतं. ताप मेंदूत गेला, तीन दिवसांत आटोपलं. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, तर तासभर कावळा शिवेना. आईला सांभाळू म्हणून झालं, वसुधाचं लग्न करू म्हणून झालं. कावळा लांब बसून राहिला. मग धाकटी वसुधाच म्हणाली, ताईचं ते जर्मनीचं राहिलंय. तेव्हा श्यामकांतने हात जोडून सांगितलं, "आत्माराम सगळा देश नीट बघेल आणि तुझ्या वर्गाला लिहून पाठवेल." कावळा उतरला आणि शिवला.

मालिनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, तिथे काय काय बदलतं, असं ती प्रत्येक पत्रात विचारायची. आत्माराम दोन वर्षं खोली ते प्रयोगशाळा एवढंच चालला होता. कंटाळून त्याने एकदा लिहून टाकलं होतं, इथून तिथून सगळं सारखंच आहे, बटाटे खातात. ते तिने वर्गात वाचून दाखवलं असेल का, हे आता कोणाला विचारता येत नव्हतं.

घरमालकीण फ्राऊ केसलर स्वतः विधवा होती. कबरस्तानात एखादा दिवा लावता येईल का, असं त्याने तिला विचारलं. ती म्हणाली, इथे दिवे लावत नाहीत. आम्हा प्रोटेस्टंटांचा मृतांचा रविवार नोव्हेंबरच्या शेवटी असतो. दिवे बव्हेरियात, कॅथलिकांकडे, आणि तेही येत्या बुधवारी. दोन वर्षं या गावात राहून त्याला हे ठाऊक नव्हतं, असं तिने बोलून दाखवलं नाही.

बुधवारी डार्मश्टाटला कामाचा दिवस होता. त्याने रजा काढली आणि बव्हेरियातल्या रेगेन्सबर्गला गेला, कारण ते डॅन्यूबच्या काठी आहे आणि मालिनी मुलींकडून ती नदी नकाशात काढून घ्यायची. तिथे दुकानं बंद होती आणि सगळं गाव काळे कपडे घालून कबरस्तानाकडे चाललं होतं. प्रत्येक कबरीवर लाल काचेत दिवा होता. एका म्हातारीने त्याला त्याचं माणूस कुठे पुरलंय म्हणून विचारलं. तिचं बोलणं त्याला दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं, इतकं ते डार्मश्टाटहून वेगळं होतं. इथे कोणी नाही, लांब आहे, तो म्हणाला. तिने त्याला मधल्या मोठ्या क्रुसापाशी नेलं. ज्यांची कबर लांब, त्यांचे दिवे तिथे लावतात. त्याने दिवा लावला आणि परतीच्या गाडीत वहीत सगळं लिहून काढलं. पहिल्यांदाच दोन पानं भरली.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी तो बॉनला मोहनकडे गेला. मोहन पुण्याचा, तिथे डॉक्टरेट करत होता. नेमकी ती अकरा नोव्हेंबर होती. तिथे त्या दिवशी अकरा वाजून अकरा मिनिटांनी कार्निव्हल सुरू होतो. चौकात मोठमोठी माणसं कागदी टोप्या घालून गात होती. एका बाईने आत्मारामच्या कोटाला कागदी फूल टोचलं. बायको गेलेल्या माणसाने ते ठेवावं की काढावं, त्याला कळेना. त्याने ते राहू दिलं.

मोहनने खोलीवर भात टाकला आणि त्याला समजावायला बसला. "आल्झो," त्याने जर्मनांसारखी सुरुवात केली, "तुला कोणी विचारलं होतं का? शब्द श्यामकांतने दिला."

"माझ्या नावाने दिला."

"अरे, कावळा शिवला ना? मग झालं की. सुटली ती."

"शिवला म्हणूनच," आत्माराम म्हणाला. "तिने खरं मानलं."

मोहनने वही मागून घेतली. पानं चाळली आणि म्हणाला, आज संत मार्टिनचा सण, संध्याकाळी पोरं कंदील घेऊन निघतात, तेही लिही. संध्याकाळी दोघं रस्त्यावर उभे राहिले आणि कंदील घेऊन गात चाललेली पोरं पाहिली. आत्मारामचे पाय दुखत होते. मालिनी असती तर तिने शंभर प्रश्न विचारले असते. त्याला एकच सुचला, कंदील कागदाचे का. मोहनला माहीत नव्हतं.

महिनाअखेरच्या रविवारी फ्राऊ केसलर त्याला आपल्या नवऱ्याच्या कबरीवर घेऊन गेली. डार्मश्टाटच्या कबरस्तानात दिवे नव्हते, गाणं नव्हतं. लोक गप्प उभे राहून कबरींवर देवदाराच्या फांद्या अंथरत होते. तिने आपल्यातली एक फांदी त्याच्या हातात दिली. त्याने ती खाली ठेवली. त्या रात्री वहीत त्याने लिहिलं की मी आधी कळवलं ते चूक होतं, इथे सगळं सारखं नाही, मी पाहिलं नव्हतं.

वही अजून सांगलीला गेलेली नाही. हाम्बुर्गला आणि समुद्राकडे जायचं राहिलं आहे, ते उन्हाळ्यात जमेल. लाइपझिग आणि ड्रेस्डेन सीमेपलीकडे, पूर्व जर्मनीत आहेत. तिथे जायच्या परवानगीसाठी त्याने केलेला अर्ज परत आला आहे. श्यामकांतने सगळा देश म्हटलं होतं, आणि त्या अर्ध्याची पानं कोरी आहेत.