हाक मारली म्हणून नाही

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. सुताराने मला घडवलं आणि एका रंगाऱ्याने विकत घेतलं. मित्रांनो, त्याच्याबरोबर मी कितीतरी घरं फिरले. अंगावर इतके रंग सांडले, की माझा मूळ रंग मलाही आठवत नाही. "शिडी जुनी, पण पक्की!" असं तो अभिमानाने सांगे.

एकदा तो माझ्यावर चढून स्वतःच्याच घराचा व्हरांडा रंगवत होता. तेवढ्यात त्याची मुलगी शाळेतून आली. एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिने फाटकातूनच "बाबा!" अशी हाक मारली आणि त्याच वेळी रंगाऱ्याचा पाय सटकला. डोकं फरशीवर आपटलं.

दवाखान्यातून तो परतला, पण पहिल्यासारखा नव्हता. ब्रशला चमचा म्हणे. भांडं वाजलं तरी खेकसे. भिंगरीने विचारलं, की आई आणि आत्या एका सुरात म्हणत, "काही नाही गं, बाबा दमलेत." मला परसात टाकून दिलं. भिंगरी घरात पाय न वाजवता वावरू लागली.

एका दुपारी ती मला फरफटत फाटकाकडे नेऊ लागली. आई धावत आली.

"अगं, शिडी कुठे नेतेस?"

"टाकून देते. दिसली, की बाबांना आठवेल."

"काय आठवेल?"

"मी हाक मारली म्हणून ते पडले ते."

आई तिच्यासमोर खाली बसली. "वेडाबाई! हाक तर तू रोज मारतेस. रोज पडतात का ते? शिडीच्या पायरीवर ओला रंग सांडला होता, त्यावरून पाय घसरला. घसरल्याची खूण मी पाहिलीय."

"मग माझ्यावर का ओरडतात?"

"डोक्याच्या आत मेंदू असतो ना, त्याला मार लागलाय. वरची जखम भरली, आतली अजून भरतेय. म्हणून शब्द सापडत नाहीत, आवाज सोसत नाही, राग पटकन येतो. तुझा राग नाही गं तो. चुकलंच आमचं, आधीच सांगायला हवं होतं."

"बरे होतील?"

"पुष्कळसे होतील. अगदी पहिल्यासारखे होतील का, ते डॉक्टरांनाही माहीत नाही. जे कळेल ते तुला सांगेन."

भिंगरी आईच्या कुशीत शिरून हमसून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "आता हाक मारू?"

"मार. जरा हळू."

"बाबा..."

रंगारी दारात आला. माझ्याकडे बोट दाखवून बराच वेळ अडखळला. "ती... ती... जिराफ!"

भिंगरी खुदकन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. पण तोही हसला, मग आईही. माझ्या सांध्यासांध्यातला ताण उतरला.

मित्रांनो, माझी डागडुजी कुठलाही सुतार करील. पण मनात रुतलेली शंका बोलल्याशिवाय निघत नाही. घरात कुणी काही सांगत नसेल, तर तुम्हीच विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत स्वतःला दोष देऊ नका.