खंडाच्या मध्यातला हिवाळा

“ते पान तिथलं नाहीच,” ताई म्हणाली.

“नाही कसं? माझ्या हातांनी खणून काढलंय.”

ताईने काचेचा पेपरवेट उचलून फेकला. तो धाकटीच्या कानाजवळून गेला आणि मागच्या कपाटाची काच खळकन फुटली. धाकटी जागची हलली नाही, तिला सवय होती. आई गेल्यावर तिला वाढवलं ताईनेच, आणि पाढे चुकले की पाठीत रट्टे घातले तेही ताईनेच. एवढी शिकलीसवरलेली बाई, पण रागाला लगाम म्हणून नाही. संस्थेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला वचकून असत.

पाच कोटी वर्षांपूर्वी जमिनीवरचं हवामान कसं होतं, याचं मॉडेल ताईने उभं आयुष्य घालून रचलं होतं. त्या काळचे डोंगर, समुद्र, हवेतले वायू, सगळं संगणकाला भरवायचं आणि तो काय सांगतो ते बघायचं. उद्या ते परिषदेत मांडायचं होतं. मॉडेल म्हणत होतं, समुद्रापासून लांब, खंडाच्या मध्यात, हिवाळा उणे बारा अंशांचा. आणि धाकटी नेमका तिथलाच दगड पुढ्यात घेऊन बसलेली. दगडावर ताडाचं अख्खं पान उमटलेलं. ताड असल्या थंडीत उभा जळून जातो. म्हणजे ताईचं सगळंच मुसळ केरात.

“वाहून आलं असेल कुठून तरी.”

“मुळंही त्याच थरात आहेत, ताई. उद्या तुझं बोलून झालं की मी उठून हे दाखवणार.”

“तू? माझ्याविरुद्ध?”

“मग काय गप्प बसू?”

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. धाकटीच्या पिशवीतला दगड फोडायचा हातोडा तिने उपसला आणि दोन्ही हातांनी उगारला. धाकटीने पानावर उजवा हात आडवा टाकला. तो ताईला दिसला. दिसूनही तिने घाव आवरला नाही.

बोटांची हाडं कडाकडा मोडली. दगड दुभंगला आणि पानाच्या शिराशिरांतून रक्त धावलं. धाकटी गुरासारखी ओरडली. ताईच्या हातातून हातोडा सुटेना, तो ओरडा ऐकून धावत आलेल्या शिपायाने ओढून काढला.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं हे?”

“दगड पडला,” धाकटी म्हणाली.

“मी हातोडा घातला,” ताई म्हणाली. “हात दिसत होता मला.”

डॉक्टरांनी बोटं एकेक करून तपासली. मग म्हणाले, बोटं वाचतील, पण मूठ पुन्हा वळणार नाही.

ते गेल्यावर ताई खाटेशी बसली. तिला स्वतःची किळस येत होती.

“तिथे गोठत नव्हतं,” ती म्हणाली. “मॉडेलमधले माझे ढग चुकलेत, म्हणून ते एवढं गार दाखवतंय. मला केव्हापासूनच माहीत होतं गं. उद्या मीच सांगते सगळ्यांना.”

धाकटी छताकडे बघत होती. तशीच म्हणाली, “पाणी.”

ताईने पेला तिच्या ओठांशी नेला. धाकटीने तो डाव्या हाताने काढून घेतला. निम्मं पाणी गळ्यावरून उशीत गेलं, पण पेल्याला तिने ताईचा हात लागू दिला नाही.