हातमोज्यावरची ओळ

मारेनने निबंध व्हर्ना लुंडक्विस्टबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि बशीतल्या रूबार्बच्या वड्यांकडे बघत बसली.

मेडिकलच्या प्रवेशासाठी 'डॉक्टर का व्हायचंय' हा निबंध लागतो. पाच हजार तीनशे अक्षरं, मधल्या मोकळ्या जागाही धरून. गेल्या वर्षी एकोणीस कॉलेजांनी तिला नकार कळवला होता. यंदाही तेच झालं तर आहे ती अ‍ॅम्ब्युलन्सवरचीच नोकरी करत राहायची, डॉक्टरकीचा नाद सोडायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं. या खेपेला तिने बाईंच्या नवऱ्यावर, अल्विनवर लिहिलं होतं. त्याला दवाखान्यात तिनेच पोचवलं होतं. नाव घातलं नव्हतं, तरी बाईंचा होकार हवाच. शिवाय तिसरीत तिला लिहायला शिकवलेलं याच बाईंनी, त्यामुळे धाकधूक दुप्पट.

बाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "'७८ पु., सीएचएफ, एसपीओटू ८१. सीपॅप लावून ईडीला हलवले.' हे काय गं?"

"हृदय थकलेलं, रक्तात प्राणवायू कमी, म्हणून दाबाने हवा देणारा मास्क लावला आणि इमर्जन्सी विभागात नेलं. असं लिहिलं की जागा वाचते, बाई. आणि तिकडे वाचणारे डॉक्टरच असतात. मला हे येतं, ते त्यांना कळायला नको?"

"त्यांना ते येतंच की. तुझ्याकडून कशाला शिकतील?" बाईंनी कागद उलटापालटा करून पाहिला. "यात माझा अल्विन कुठाय?"

बाई रागावल्या असत्या तर मारेनला बरं वाटलं असतं. पण आवाज नेहमीसारखाच शांत होता.

बाई उठल्या आणि ड्रॉवरमधून एक निळा हातमोजा घेऊन आल्या. रुग्णाचे आकडे हातमोज्यावरच खरडायची अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना सवय असते. याच्यावरही आकडे होते. त्यांच्याखाली ठळक लिहिलेलं: 'व्हर्ना मागच्या गाडीत आहे. येतेय.'

"काकांचं कानातलं यंत्र घरी राहिलं होतं," मारेनला आठवलं. "सारखे मास्क ओढून काढत होते. ऐकू येईना, म्हणून लिहून दाखवलं. मग शांत झाले. पण हा तुमच्याकडे कसा?"

"त्याने सोडलाच नाही. गेला तोवर, अकरा दिवस, उशाखाली होता. हे का नाही लिहिलंस?"

"त्यात वैद्यकीय असं काही नव्हतं ना, बाई."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं, आणि लाजेने कान तापले.

"माझा होकार आहे," बाई हातमोज्यावरच्या ओळीवर बोट ठेवत म्हणाल्या, "पण याला. त्या आकड्यांना नाही. आणि आधी वडी खा, केव्हाची वाट बघतेय."

मारेनने वडी खाल्ली. लॅपटॉप उघडून पहिला परिच्छेद पुसला आणि लिहिलं: 'तो सारखा मास्क ओढून काढत होता, कारण बायको कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं.'

तिने लॅपटॉप बाईंकडे वळवला. बाईंनी ते वाक्य वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावून वाचलं.

"हां," त्या म्हणाल्या. "हा अल्विन."