अठरावी पायरी

आमचे हे बोलायला कंजूष आणि लिहायला उदार. घरातला गॅस सिलिंडर कसा बदलायचा हे चाळीस वर्षांत मला एकदाही नीट सांगितलं नाही. कारखान्यातल्या टर्बाइनचं झाकण कसं उघडायचं यावर मात्र दीडशे पानं लिहिली. हिंदी मुलखात, पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा हे कारखान्याच्या मॅन्युअल विभागात होते. यंत्र बाहेरगावी गेलं की त्याच्याबरोबर जी जाडजूड पुस्तकं जातात, ती लिहिण्याचं काम.

त्यांचा एक नियम होता. लिहिलेली सूचना नेहमी अशा माणसाकडून तपासून घ्यायची, ज्याला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. त्याने कागद वाचायचा आणि कागद सांगेल तेवढंच करायचं. लिहिणाऱ्याने मागे उभं राहायचं, हात पाठीशी बांधून, तोंडाला कुलूप लावून. "माणूस अडला तर चूक कागदाची. अडणाऱ्याची नाही," असं ते म्हणायचे. दुसऱ्यांना शिकवायला फार छान नियम होता.

दोन हजार आठ साली हे रिटायर झाले, आम्ही मिसरोदच्या फ्लॅटमध्ये आलो आणि ओ की ठो न कळणाऱ्या माणसाची जागा मला मिळाली. पुस्तकांची पानं जुळवण्याचं एक सॉफ्टवेअर आहे. जगभरातले हौशी लोक मिळून ते चालवतात, फुकट वाटतात, आणि दर वसंतात त्याची नवी आवृत्ती निघते. ती कम्प्युटरवर कशी बसवायची याची पुस्तिका प्रत्येक भाषेत कुणीतरी लिहितं. मराठीतली ह्यांची. दर वर्षी काहीतरी बदलायचं. कधी खिडकी वेगळी दिसायची, कधी जागा जास्त लागायची. मग मार्चमध्ये ह्यांनी सूचना सुधारायच्या, आणि मी खुर्चीत बसून त्या मोठ्याने वाचत एकेक करून बघायच्या.

मी टाउनशिपच्या शाळेत भूगोल शिकवला. कम्प्युटर म्हणजे माझ्या दृष्टीने दक्षिण ध्रुव. नेमकं हेच ह्यांना हवं असायचं. मी कुठे अडले की मागून पेन्सिलीचा आवाज यायचा, आणि मान वळवून पाहावं तर चेहऱ्यावर आनंद! बायकोची फजिती झाल्यावर इतका खूश होणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. अशा सतरा पायऱ्या. अठरावी पायरी म्हणजे चाचणी. सगळं नीट बसलं की नाही हे कळावं म्हणून एक नमुन्याचं पान तयार करून बघायचं. ती मात्र त्यांनी मला कधी करू दिली नाही.

"ती मी बघतो. तू चहा टाक."

पंधरा वर्षं अठराव्या पायरीला मी चहा टाकला.

या जानेवारीत हे गेले. सकाळी पेपर वाचून झाला, अंघोळीला म्हणून उठले आणि दारातच बसले. मला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. नाहीतरी हाका मारणाऱ्यातले नव्हतेच.

मार्चमध्ये रजनी नाईक नावाच्या मुलीचा फोन आला. सगळ्या भाषांतल्या पुस्तिका गोळा करण्याचं काम ती गोव्यातून करते. रडवेल्या आवाजात म्हणाली, "काकू, विचारायला संकोच वाटतोय. काका वीस तारखेच्या आत नवी पुस्तिका पाठवायचे. या वर्षी कुणी सुधारली नाही, तर मराठी यादीतून काढावी लागेल. जुन्या सूचना ठेवल्या तर लोक अडतात."

"काढा मग," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मला त्या पुस्तिकेचा राग होता. उदयमुळे. उदय आमचा एकुलता एक मुलगा. दोन हजार एक साली तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाला, आणि त्याच सुटीत कुठूनशी या सॉफ्टवेअरची सीडी घेऊन आला. म्हणाला, मला हेच करायचंय, पुस्तकं करायचीत. क्वार्टरमधल्या कम्प्युटरवर ते बसवायला तो दिवसभर झटत होता. सोबतचा इंग्रजी कागद किचकट, पोरगं सारखं अडत होतं. संध्याकाळी ह्यांच्या ऑफिसातले दोघे चहाला आले. त्यांच्यादेखत हे हसत म्हणाले, "साध्या सूचना वाचून करता येत नाहीत, आणि म्हणे इंजिनिअर व्हायचंय."

उदय चार दिवसांनी घर सोडून गेला. वर्षभराने चेन्नईहून एक पोस्टकार्ड आलं: 'पुस्तकांची पानं जुळवणाऱ्या कंपनीत लागलो आहे. बरा आहे.' पत्ता नाही. ह्यांनी ते वाचलं, खिशात घातलं, आणि त्यानंतर मुलाचं नाव तोंडातून काढलं नाही. मी रडले, भांडले, चेन्नईला जाऊन शोधू म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग हाच माणूस त्याच सॉफ्टवेअरची पुस्तिका लिहायला बसला, परक्या लोकांनी अडू नये म्हणून! पोटच्या पोराला चार शब्द बोलता आले नाहीत, आणि जगाला सतरा पायऱ्या. पंधरा वर्षं मी हा राग गिळत आले. तपासायला बसायचे तेही दातओठ खाऊन.

तरीही दोन दिवसांनी मी त्यांच्या खुर्चीत बसले. 'मराठी काढावी लागेल' हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. माणूस गेला, आता त्याचं कामही पुसायचं, आणि तेही माझ्या हातून? रजनीला फोन केला. तिने नवी आवृत्ती कुठून घ्यायची ते सांगितलं. मी गेल्या वर्षीची पुस्तिका छापून घेतली, पेन्सिल घेतली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

पहिल्या पायरीत वर्ष बदललं. चौथीत जागा वाढवली. नवव्या पायरीला कम्प्युटरने एक प्रश्न विचारला, जो कागदाला ठाऊकच नव्हता. मी सवयीने मान वळवली. "अहो, अडलं."

मागे नुसती भिंत. मी तिथेच रडले, अगदी हुंदके देऊन. मग डोळे पुसून तो प्रश्न कागदावर उतरवला, रजनीला विचारून त्याचं उत्तर लिहिलं आणि दहावी पायरी वाचली.

दुपारी चारला सतरावी झाली. चहाची वेळ. मी उठले नाही. अठरावीत लिहिलं होतं तशी पुस्तिकेसोबतची नमुन्याची फाइल उघडली, आणि पडद्यावर एक पान आलं. देखणी, गोलसर अक्षरं.

'चि. उदय यास अनेक आशीर्वाद. हे पान तुला दिसतं आहे म्हणजे सगळं नीट बसलं. याही वर्षी तुझ्या आईने एकेक पायरी करून पाहिली आहे. त्या दिवशी तू अडलास, ती चूक कागदाची होती. मी ती तुझ्या माथी मारली, तीही चारचौघांत. म्हणून हेही चारचौघांतच लिहितो. आम्ही आता क्वार्टर सोडलं आहे. घरचा नवा फोन खाली देत आहे. तू कर. मीच उचलेन. — बाबा'

मी ते तीनदा वाचलं. ज्या माणसाला मी वीस वर्षं दगड समजत होते, तो दर वसंतात मुलाला पत्र लिहीत होता. पोरगं याच धंद्यात आहे, दर वर्षी हे सॉफ्टवेअर बसवणार, आज ना उद्या मराठी पुस्तिका उघडणार, असा त्याचा हिशेब. बसवणारे बाकीचे लोक नमुना म्हणून बघत असतील आणि सोडून देत असतील. मला का नाही सांगितलं? लाज वाटली असेल. की पोराचा फोन आलाच नाही तर मी दुसऱ्यांदा खचेन, ही भीती? आता कोणाला विचारू!

घरात दोन मोबाईल असूनही हे लँडलाइन काढू देत नव्हते, त्याचाही उलगडा झाला. एप्रिल उजाडला की पेपर घेऊन फोनच्या शेजारी बसायचे. मी चिडवायचे, "कुठल्या मंत्र्याचा फोन यायचाय?" हे पेपर आणखी वर धरायचे.

मग मी खालचा नंबर वाचला.

आमच्या फोनचे शेवटचे आकडे पाच, चार, एक, नऊ. पानावर होतं पाच, चार, नऊ, एक. मी चष्मा पुसला. हॉलमध्ये जाऊन फोनवर चिकटवलेली चिठ्ठी पाहिली. कम्प्युटरवर जुन्या पुस्तिका वर्षवार ठेवल्या होत्या, त्या एकेक उघडल्या. पत्रातला मजकूर दर वर्षी थोडा वेगळा. एका वर्षी माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची बातमीसुद्धा होती. नंबर मात्र दोन हजार आठपासून तोच. चुकीचा. आपली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून तर दुसऱ्याला बसवायचं, हे जन्मभर सांगणाऱ्या माणसाने ही एकच पायरी कुणाला तपासू दिली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी एकदा, फक्त एकदा चहाला न उठता खुर्चीत बसून राहिले असते, तर त्याच क्षणी ओरडले असते: अहो, हा आपला नंबर नाही!

मोबाईलवरून मी तो चुकीचा नंबर लावला. एका बाईने उचलला. सरोज नाव, मिसरोदमध्येच, दोन गल्ल्या सोडून राहणारी. आमचं आडनाव सांगून मी विचारलं, "बहनजी, इस नंबर पे कभी किसी ने देवस्थळी को पूछा था क्या?"

"हओ आंटी, आता था एक फोन," ती म्हणाली. "मार्च-अप्रैल में। कोई आदमी पूछता था, देवस्थळी साब का घर है? मैं बोल देती थी, रॉन्ग नंबर है भैया।"

"कितनी बार?"

"तीन-चार साल तो आया होगा। सॉरी बोलके रख देता था। आखरी बार पूछा, वो लोग कहीं और चले गए क्या? मैंने कहा, मेरे को क्या पता।" मग म्हणाली, "कोरोना से पहले की बात है आंटी। उसके बाद नईं आया।"

त्याच्यापुढचा विचार मी केला नाही. करायचा नाही असं ठरवलं. बाहेर कुणी म्हणेल, पुस्तिकेवर सॉफ्टवेअरवाल्या मंडळींचा मेलचा पत्ता होता, त्यावर का नाही लिहिलं पोराने? ज्याला बापाचा आवाज ऐकायचा असतो तो अर्ज लिहीत बसत नाही. त्याने फोन केला. तीन-चार वर्षं केला. बापाने बोलावलं म्हणून केला, आणि दर वेळी परक्या बाईने त्याला सांगितलं की इथे तुझं कुणी नाही. आणि इथे, दोन गल्ल्या सोडून, हे पेपर वर धरून बसलेले.

मला ह्यांचा भयंकर राग आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागावले. फोटोसमोर उभी राहून म्हणाले, "एवढं मॅन्युअल लिहिलंत, आणि चार आकडे नीट लिहिता आले नाहीत?" आणि मग मलाच त्यांचा नियम आठवला.

दुसऱ्या दिवशी अठरावी पायरी मी नव्याने लिहिली. भूगोलाची बाई, फार फिरवून लिहिता येत नाही.

'चि. उदय, बाबा जानेवारीत गेले. शेवटपर्यंत तुझ्या फोनची वाट पाहत होते. त्यांनी दिलेला नंबर चुकला होता, हे त्यांना कधी कळलं नाही. तू फोन करत होतास, हे मला काल कळलं. ती चूक कागदाची होती, बाळा, तुझी नाही. खरा नंबर खाली आहे. या वर्षी ही पायरीसुद्धा मी तपासली आहे. — आई'

पाठवण्याआधी तपासायचं राहिलं होतं. पान तयार केलं, पडद्यावर आणलं. चिठ्ठीकडे बघायचं नाही, आठवणीतून लावायचा नाही, कागद सांगेल तेवढंच करायचं. मोबाईल घेतला आणि पानावरचा एकेक आकडा मोठ्याने वाचत नंबर लावला.

हॉलमध्ये घंटा वाजली. किती महिन्यांनी वाजली कोण जाणे. माझाच फोन, माझ्याच हातातल्या मोबाईलवरून लागलेला, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी दुखरा गुडघा विसरून धावत गेले, रिसीव्हर उचलला आणि म्हणाले, "बोल रे."